गिअर कोणी बदलावा?

महाविद्यालयाच्या नियतकालिकात व्हिडिओ गेममधल्या मोटारीच्या गिअरवर लेख यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. बेकारी, परीक्षापद्धती, भाषेचा प्रश्न, ग्रंथालयातील ओस पडलेली टेबले, असे कितीतरी विषय लेखणीची वाट पाहत असताना हा पोरखेळ कशाला, असा प्रश्न प्राध्यापकवर्गातून येणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून गंभीर होता येत नाही. वसतिगृहाच्या खोल्यांतून, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर, मोटारशर्यतीचे हे खेळ रोज रात्री तासन्तास चालतात. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा एकाच पडद्यासमोर मांडी घालून बसतो. 'गिअर', 'क्लच', 'ब्रेक' हे शब्द तर दोन्ही भाषांनी केव्हाच आपलेसे केले आहेत. ज्या गोष्टीवर आपल्या आयुष्याचे इतके तास खर्च होतात तिच्याविषयी आपण विचारच करू नये, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या खेळांत ज्याला 'ड्रिफ्ट' म्हणतात ती कला ज्याला शिकायची असेल त्याने गिअर बदलण्याचे काम यंत्रावर सोपवू नये. ते स्वतःच्या हाती ठेवावे. आता एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला? तर या सल्ल्यामागचे कारण मला सल्ल्याहून महत्त्वाचे वाटते, आणि ते कारण बहुतेक खेळाडू सांगत नाहीत. विचारले तर 'हाताने गिअर टाकला की गुण जास्त मिळतात' एवढेच उत्तर येते. हे उत्तर अपुरे आहे.

प्रथम ड्रिफ्ट म्हणजे काय ते पाहू. वळणावर मोटार वेगाने घेतली की मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड सुटते व गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. सामान्य चालकाच्या दृष्टीने हा अपघाताचा आरंभ होय. ड्रिफ्ट करणारा मात्र ही घसरण मुद्दाम घडवून आणतो आणि नंतर ती संपू देत नाही. गाडीचे नाक वळणाच्या आत, पुढची चाके मात्र उलट दिशेला वळवलेली, मागची चाके धूर काढत फिरताहेत आणि संपूर्ण गाडी तिरकी होऊन वळण पार करते आहे, असे ते दृश्य असते. घसरणे थांबले तर ड्रिफ्ट संपला. घसरणे वाढले तर गाडी गिरकी खाऊन उलटी तोंड करून उभी. या दोन टोकांच्या मधली जी अरुंद जागा आहे तिच्यात टिकून राहणे म्हणजे ड्रिफ्ट.

ही कला रूपाला आली ती जपानात. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकलचा शर्यतपटू. १९६१ साली पश्चिम जर्मनीत ग्रां प्री शर्यत जिंकून, असा विजय मिळवणारा तो पहिला जपानी ठरला. पुढे मोटारींच्या शर्यतीत उतरल्यावर सत्तरच्या दशकात तो वळणे अशी घसरत घेऊ लागला, आणि ते पाहून तरुण वेडे झाले. त्यांपैकीच एक केइची त्सुचिया. याने ही विद्या डोंगरातील रस्त्यांवर घोटली व पुढे 'ड्रिफ्ट किंग' हे बिरुद मिळवले. या डोंगरी रस्त्यांना जपानी भाषेत 'तोगे' म्हणतात; आपला 'घाट' हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. १९९५ पासून शुइची शिगेनो याची 'इनिशियल डी' ही चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली. तिचा नायक एका टोफू विकणाऱ्याचा मुलगा. बापाचा माल पोचवता पोचवता घाटात गाडी हाकण्यात तो पारंगत होतो. त्याच्या हाती जी गाडी दिली आहे ती टोयोटाची १९८३ ते १९८७ या काळात निघालेली, १५८७ सी.सी. इंजिनाची, मागच्या चाकांना ओढ देणारी साधी गाडी. जपानी शौकीन तिला नुसते 'हाचिरोकु', म्हणजे 'आठ-सहा' म्हणतात. २००१ पासून ड्रिफ्टची व्यावसायिक स्पर्धामालिकाच तेथे सुरू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या स्पर्धेत कोण आधी पोचला याला महत्त्व नसते. गाडीचा तिरकेपणा, वेग, पकडलेला मार्ग आणि एकंदर शैली पाहून परीक्षक गुण देतात. आपल्याकडील गायनस्पर्धेसारखाच हा प्रकार म्हणावयाचा.

या सगळ्यात गिअरचे काम काय? ज्यांनी आंबोली किंवा चोर्ला घाटातून प्रवास केला आहे त्यांना हे लवकर समजेल. जुने ड्रायव्हर नवशिक्याला एक नियम सांगत आले आहेत: ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. खालचा गिअर टाकला की इंजिनच चाकांना आवरून धरते व ब्रेकवरचा ताण कमी होतो. म्हणजे गिअर हे केवळ वेग वाढवण्याचे साधन नसून चाकांना रोखण्याचेही साधन आहे. जपानी घाटातील तरुणांनी हीच गोष्ट उलट्या हेतूने वापरली. वळण येताच खालचा गिअर एकदम टाकला, की इंजिन मागच्या चाकांना अकस्मात आवरते, चाकांची पकड सुटते आणि घसरण सुरू होते. हँडब्रेक ओढून किंवा क्लचला क्षणभर लाथ मारल्यासारखे दाबून सोडूनही तेच साधते. साधने वेगळी असली तरी प्रत्येकात 'आता' हा क्षण चालक ठरवतो.

आता खेळांकडे वळू. मोटारशर्यतीच्या खेळांत गिअर प्रारंभापासून आहे. १९८२ च्या 'पोल पोझिशन' मध्ये आणि १९८६ च्या 'आउटरन' मध्ये दोनच गिअर होते, एक खालचा व एक वरचा. त्या खेळांतला गिअर हा खऱ्या गिअरची खूण होता, एवढेच. 'आउटरन' मध्ये तर रस्ता सोडून गवतावर गाडी गेली असता गिअर झटपट खाली-वर केला की वेग कमीच होत नसे! खऱ्या मोटारीत असे काही घडत नाही. ती यंत्राच्या हिशेबातली फट होती व खेळाडूंनी ती शोधून काढली. १९९३ साली 'रिज रेसर' आला. वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की त्यातली गाडी डौलाने घसरू लागे. १९९४ च्या 'डेटोना यूएसए' मध्ये चार गिअरचा दांडा होता, आणि जाणते खेळाडू वळणावर चौथ्यातून एकदम दुसऱ्यात येऊन गाडी घसरवीत. घाटातल्या त्या युक्तीची ही नक्कलच. मग १९९७ च्या अखेरीस 'ग्रॅन टुरिस्मो' आला. त्याने इंजिनाची ताकद, गिअरचे दाते, टायरची पकड, गाडीचे वजन या सर्वांचा हिशेब मांडून त्यातून गाडीची चाल काढण्याचा ध्यास घेतला. त्या वाटेने पुढे गेलेल्या आजच्या खेळांत गिअर ही खूण उरलेली नाही. तो एक चालता हिशेब आहे, आणि म्हणूनच तो कोण करतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक खेळांत सुरुवातीलाच विचारले जाते: गिअर आपोआप बदलावेत, की तुम्ही बदलणार? नव्वद टक्के माणसे सहज म्हणून पहिला पर्याय निवडत असतील, असा माझा तर्क आहे. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते ड्रिफ्टमध्ये, आणि ते का हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपोआप बदलणारा गिअर प्रामुख्याने इंजिनाचे फेरे पाहतो. फेरे लाल रेषेजवळ गेले की वरचा गिअर, फार खाली आले की खालचा, हा त्याचा साधा नियम. हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो, की चाके जितकी फिरतात तितकी गाडी पुढे जाते. ड्रिफ्टमध्ये नेमके हेच गृहीत खोटे असते. मागची चाके गाडीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरत असतात. तसे नसते तर घसरण टिकलीच नसती. बिचाऱ्या यंत्राला वाटते, गाडी फार वेगात आहे, आता वरचा गिअर हवा. आणि ते ऐन वळणाच्या मध्यावर गिअर बदलते.

काय होते ते आकड्यांत पाहू. समजा, दुसऱ्या गिअरचे प्रमाण २ आणि तिसऱ्याचे १.४ आहे. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असताना तिसरा पडला, तर चाकांचा वेग तोच धरून इंजिनाचे फेरे एकदम ४९०० वर येतात. चाकांपर्यंत पोचणारी ओढही, इंजिनाचा जोर तितकाच धरला तरी, सत्तर टक्क्यांवर उतरते. लहान इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांत आणखी कमी असतो, म्हणजे प्रत्यक्षात घट याहूनही मोठी. ओढ कमी पडताच मागची चाके मंदावतात आणि रस्ता पुन्हा पकडतात. पुढची चाके मात्र अजून उलट दिशेला वळलेलीच आहेत! परिणामी गाडी हिसका देऊन त्या बाजूला झेपावते आणि कठड्यावर जाऊन आदळते. याच्या उलटही घडते. वळणात क्षणभर पाय उचलावा, फेरे उतरावेत, यंत्राने तत्परतेने खालचा गिअर टाकावा, आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच नको तितकी ओढ येऊन गाडीने गिरकी खावी. खेळाडू म्हणतो, 'खेळच खराब आहे.' नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण इथे निम्मीच लागू पडते. कारण नाचणाऱ्याने आपला एक पाय दुसऱ्याकडे गहाण टाकलेला असतो.

यावर उपाय असा, की वळणात शिरण्यापूर्वीच, ब्रेक लावतानाच, हवा तो गिअर टाकावा आणि जमेल तर संपूर्ण वळण त्याच गिअरमध्ये काढावे. इंजिन लाल रेषेजवळ ओरडत राहिले तरी ओरडू द्यावे. वळण लांबले, वेग वाढला आणि इंजिन वरच्या टोकाला आपटूनच राहिले, तरच वरचा गिअर टाकावा, तोही चटकन. कोणत्या वळणाला कोणता गिअर, याचे कोष्टक कोणी मागू नये. 'सगळीकडे तिसराच ठेव' असे ठोकळेबाज सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. गाडी निराळी, वळण निराळे, टायर निराळे. मग गिअर एकच कसा असेल?

येथवर जे सांगितले ते यंत्रशास्त्र झाले. माझ्या मताचा खरा आधार याच्या पुढे आहे, आणि तो कानाशी संबंधित आहे.

खऱ्या गाडीत बसलेल्या चालकाला घसरण सुरू झाल्याचे डोळ्यांआधी पाठीला आणि कमरेला कळते. पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूला ही सोय नाही. त्याची खुर्ची जागची हलत नाही. हातातल्या यंत्राची थरथर सोडली तर त्याच्याजवळ दोनच साक्षीदार उरतात, डोळा आणि कान. डोळा सांगतो गाडी रस्त्यावरून किती वेगाने सरकते आहे. कान काय सांगतो? गिअर कायम असेल तर इंजिनाचा आवाज म्हणजे मागच्या चाकांचा वेग. कारण इंजिन आणि चाके एका ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना जोडलेली असतात. आवाज चढला म्हणजे चाके जोरात फिरू लागली. उतरला म्हणजे पकड परत येऊ लागली. डोळ्याने पाहिलेला वेग आणि कानाने ऐकलेला वेग यांत जी तफावत, तीच घसरण! मुरलेला खेळाडू कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत नाही. तो ऐकतो, आणि त्याचा अंगठा त्या आवाजाच्या मागोमाग हलतो.

आता कल्पना करा, की गवई रंगात आला आहे आणि हार्मोनियमवाल्याने काळी दोनवरून एकदम काळी चारवर उडी घेतली. गवयाने कोणता स्वर लावावा? आपोआप बदलणारा गिअर ड्रिफ्टच्या मध्यावर नेमके हेच करतो. तो पट्टी बदलतो. आवाज एकदम खाली येतो, आणि तो चाके मंदावल्यामुळे आला की गिअर बदलल्यामुळे, हे कानाला उमगेपर्यंत वळण संपलेले असते. गिअर आपल्या हाती असला म्हणजे आवाजातला प्रत्येक चढउतार आपल्याला वाचता येतो, कारण पट्टी आपणच लावलेली असते. हाताने गिअर बदलण्याचे सर्वांत मोठे कारण मला हे वाटते. त्याने गुण वाढत असतीलही. पण त्याआधी ऐकू येऊ लागते.

याविरुद्ध काही आक्षेप येतील. त्यांतला पहिला आणि सर्वांत वजनदार असा, की जग उलट्या दिशेने चालले आहे. आजच्या उत्तम मोटारींत दोन क्लचचे यंत्र माणसाच्या हातापेक्षा कितीतरी लवकर गिअर बदलते. विजेवरच्या मोटारींत तर बहुधा गिअर बदलण्याचा प्रश्नच उरलेला नाही. मग मेलेली विद्या पडद्यावर जिवंत ठेवण्यात काय हशील? या आक्षेपातील सत्य मान्य केले पाहिजे. गिअर बदलण्याच्या चपळाईत माणूस यंत्राशी बरोबरी करू शकत नाही. परंतु गिअर किती लवकर बदलला हा एक प्रश्न, आणि तो केव्हा व का बदलला हा दुसरा. फॉर्म्युला वन या शर्यतीचे उदाहरण घ्या. तेथील गाड्यांत गिअर बदलण्याची कृती यंत्रच करते. पण केव्हा बदलावा हे आपोआप ठरवणाऱ्या यंत्रणेला २००४ पासून नियमांनी मज्जाव केला. जगातील अत्यंत प्रगत मोटारी बनवणाऱ्यांनीही हात यंत्राला दिला आणि निर्णय माणसाकडे ठेवला. दुसरे उदाहरण याहून नवलाचे आहे. २०२३ साली ह्युंदाई कंपनीने 'आयोनिक ५ एन' ही विजेवरची वेगवान मोटार काढली. तिला गिअर बदलण्याची गरज नाही. तरीही तिच्यात खोटे गिअर बसवले आहेत, खोटा इंजिनाचा आवाज आहे, आणि गिअर बदलताना बसतो तसा हिसकाही मोटरच मुद्दाम देते. ज्या गोष्टी व्हिडिओ गेमने खऱ्या मोटारीकडून उसन्या घेतल्या होत्या, त्या आता खरी मोटार जणू व्हिडिओ गेमकडून परत मागून घेते आहे! हा नुसता नखरा असे म्हणून सोडून देता येईल. मला मात्र त्यात कबुली दिसते: चालकाला गाडीशी बोलायला काही एक भाषा लागते, आणि गिअर ही त्या भाषेतली बाराखडी आहे.

दुसरा आक्षेप सहानुभूतीचा आहे. सर्वांनाच दहा बोटांचे इतके काम झेपत नाही. कुणाचा हात अधू असतो, कुणाला दिवसभराच्या कामानंतर घटकाभर मन रमवायचे असते. अशांनी आपोआपचा गिअर खुशाल वापरावा. त्यांना हिणवणारे खेळाडू मला मुळीच आवडत नाहीत. नवख्यानेही प्रथम रस्ता, वळणे आणि ब्रेक यांची ओळख होईपर्यंत तोच ठेवावा. माझे म्हणणे आहे ते ज्याला ड्रिफ्ट शिकायचा आहे त्याच्यापुरते. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा वाईट नसतो. पण डबा बांधून पोहणाऱ्याने आपण पोहतो असे म्हणू नये.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. हे खेळ खेळून पोरे रस्त्यावर तेच करायला जातील, ही भीती निराधार नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणे आणि परवानगीवाचून शर्यत लावणे हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या अनुक्रमे १८४ व १८९ या कलमांखाली गुन्हे आहेत. आणि कायदा नसता तरी ते पापच ठरले असते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या शाळकरी मुलीला 'पुन्हा खेळा' असे बटण नसते. जपानातही ही विद्या घाटातून उचलून बंद मैदानावर न्यावी लागली, हे विसरता कामा नये.

पण या भीतीवर गिअर हाती घेणे हे औषधच आहे असे मी म्हणेन. ज्याने सर्व सहाय्ये चालू ठेवून, बटण दाबून ड्रिफ्ट केला आहे, त्याला ही गोष्ट सोपी वाटते. आणि सोपी वाटणारी गोष्टच माणूस रस्त्यावर करून पाहतो. ज्याने हाताने गिअर टाकत एकच वळण शंभरदा घेतले आणि त्यांतल्या नव्वद वेळा कठडा गाठला, त्याला ती अरुंद जागा किती अरुंद आहे हे पुरते उमगलेले असते. शिवाय त्याला एक यंत्रशास्त्रीय सत्यही कळते: ड्रिफ्टला मागच्या चाकांना ओढ लागते. आपल्याकडील जुनी अ‍ॅम्बॅसेडर तशी होती; पण १९८३ च्या मारुती ८०० पासून आपल्या रस्त्यांवर पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या लहान गाड्यांचे राज्य आले. घरच्या तशा गाडीचा हँडब्रेक ओढून जे घडते त्याला ड्रिफ्ट म्हणत नाहीत. ती नुसती फरफट होय, आणि ती गटारात संपते.

चौथा आक्षेप प्राध्यापकांचा असेल: या सर्वांतून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? कबूल करतो, पदवीच्या गुणपत्रिकेत काही पडत नाही. रात्रीचे दोन वाजेपर्यंत पडद्याला चिकटून बसणाऱ्याची बाजू घेण्याचा माझा हेतूही नाही. अति तेथे माती हे खेळालाही लागू आहे. परंतु घर्षण, गती, बल हे जे विषय आपण फळ्यावर शिकवतो, ते या मुलांच्या अंगठ्यात उतरलेले असतात. घसरणाऱ्या टायरची पकड टेकलेल्या टायरपेक्षा कमी का, हे विज्ञानशाखेच्या वर्गात विचारून पाहावे. पुस्तकात ते स्थितिक आणि गतिक घर्षणाच्या धड्यात असते, आणि मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला सूत्र आठवत नाही त्याला वळण आठवते. त्या वळणापासून सूत्राकडे नेण्याचे काम शिक्षकाचे आहे. ते न करता खेळाला नावे ठेवणे म्हणजे हाती आलेले उदाहरण फेकून देणे.

आणि मला वाटते, त्याहूनही एक मोठी गोष्ट आहे. आपण आज अशा काळात शिकतो आहोत की जिथे प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी आपल्यासाठी गिअर बदलायला तयार आहे. प्रश्नांची तयार उत्तरे आहेत, कवितांची तयार रसग्रहणे आहेत, आता तर निबंध लिहून देणारी यंत्रेही आली. सरळ रस्त्यावर त्यांच्यामुळे वेग वाढतो, हे खोटे नाही. अडचण येते ती जेव्हा प्रश्न नेहमीचा नसतो, चाके फिरत असतात पण गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा. अशा वेळी तयार उत्तर देणारा आकडा पाहून निर्णय घेतो. आपल्याला काय हवे आहे हे त्याला ठाऊक नसते. तो दोषी नाही. आपण काय करू पाहतो आहोत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. ते फक्त आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणून तो निर्णयही आपलाच असायला हवा. गिअर हातात घेणाऱ्याच्या चुका जास्त होतात. पण त्या त्याच्या स्वतःच्या असतात, आणि स्वतःच्या चुकीतूनच माणूस सुधारतो. यंत्राने केलेल्या चुकीवर चिडता येते, तीतून शिकता मात्र येत नाही.

तेव्हा मित्रहो, खेळणारच असाल तर असे करून पाहा. एकच गाडी घ्या, मागच्या चाकांना ओढ देणारी आणि फार ताकदीची नसलेली. ती 'आठ-सहा' मिळाली तर उत्तमच. एकच वळण निवडा. गिअर आपल्या हाती घ्या, गाणी बंद करा आणि इंजिनाचा आवाज मोठा ठेवा. वळणाआधी खालचा गिअर टाका आणि मग डोळ्यांइतकेच कानावर विसंबा. पहिले आठ दिवस फजिती होईल. शेजारचा, आपोआपच्या गिअरवर खेळणारा, तुम्हाला हसत पुढे निघून जाईल. त्याला जाऊ द्या. नवव्या किंवा दहाव्या दिवशी एखाद्या वळणात गाडी तिरकी होईल, आवाज एका पट्टीवर स्थिर राहील आणि तुमचा अंगठा तो आवाज सांभाळत असल्याचे तुमच्या ध्यानी येईल. त्या दोन-तीन सेकंदांत गाडी कोण चालवते आहे, असा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.